आधी क्रम लावा, शब्द नंतर: कामाच्या ठिकाणचा कागद समजेल असा कसा करायचा

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि कामाच्या जागेची सुरक्षितता या चार विषयांखाली जुने २९ कायदे एकत्र आले. त्यात एक साधी दिसणारी तरतूद आहे: कामावर घेताना लेखी नियुक्तीपत्र द्यायचं. आधीपासून कामावर असलेल्या, पण असं पत्र कधीच न मिळालेल्या माणसालाही ते द्यायचं.

सोलापूरसारख्या गावात ही गोष्ट लहान नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले चादरी-टॉवेलचे कारखाने, चिंचोळीतली युनिटं, गणवेश शिवणारी गारमेंट, अशा पुष्कळ ठिकाणी कामाच्या अटी वर्षानुवर्षं तोंडी ठरत आल्या. ‘सोमवारपासून ये’ म्हटलं की नोकरी लागली. आता तिथे कागद येणार. बऱ्याचदा तो कुठून तरी उतरवलेला नमुना असेल, नाव आणि पद बदललेला. पगार किती, तो कोणत्या तारखेला मिळणार, सुट्टी कोणाकडे मागायची, या गोष्टी त्यात तिसऱ्या पानावर कुठेतरी सापडतील. कामगार सही करेल आणि घरी जाऊन शेजारच्या पोराला विचारेल, ‘बघ रे, काय लिहिलंय यात?’

कागद देणं कायद्याने आलं. तो कळेल असा करणं हे लिहिणाऱ्याच्या हातात आहे. त्यासाठी भाषापंडित असावं लागत नाही, पण कामाचा एक ठरावीक क्रम पाळावा लागतो.

वाचतो एक, ऐकतात दहा

कार्यालयात बसून नोटीस लिहिणाऱ्याच्या मनात एक वाचक असतो: खुर्चीवर बसलेला, चष्मा लावून सावकाश वाचणारा. सोलापूरच्या कारखान्याच्या गेटवर असा वाचक नसतो. पाळी बदलताना चार-पाच जण नोटिशीपुढे थांबतात. त्यातला एक वाचतो आणि बाकीच्यांना सांगतो. पुष्कळदा तो मराठीत वाचतो आणि तेलुगूत सांगतो. कोणी कन्नडमध्ये, कोणी उर्दूत. मग कोणीतरी मोबाइलवर फोटो काढतो आणि ती नोटीस व्हॉट्सअॅपवर फिरते, अर्धी कापलेली.

म्हणून इथला कागद दोनदा समजावा लागतो. एकदा वाचणाऱ्याला आणि मग त्याच्या तोंडून ऐकणाऱ्याला. चाळीस शब्दांचं वाक्य दुसऱ्या भाषेत तोंडी सांगता येत नाही. सांगणारा त्यातला त्याला कळलेला तुकडा उचलतो आणि बाकीचं गळून पडतं. गळून पडलेल्या भागातच नेमकी शेवटची तारीख असते.

कायद्याला ही अडचण फार पूर्वीच दिसली होती. १९४८ च्या कारखाने अधिनियमात, कलम १०८ मध्ये, लावायच्या नोटिसा इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत असाव्यात, मुख्य प्रवेशद्वाराजवळ ठळक जागी असाव्यात आणि स्वच्छ, वाचता येतील अशा ठेवाव्यात असं लिहिलेलं होतं. आता तो कायदा नव्या संहितेत गेला. पण ‘समजेल अशी भाषा’ म्हणजे नुसती मराठी लिपी नव्हे, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे.

संपादन म्हणजे शुद्धलेखन नव्हे

‘जरा एडिट करून द्या’ म्हणून कागद हातात आला की बहुतेक जण ऱ्हस्व-दीर्घ तपासायला बसतात. ते मुद्रितशोधन. गरजेचं आहे, पण ते सर्वांत शेवटचं काम आहे. त्याच्या आधी वाक्यं सुधारायची असतात आणि त्याच्याही आधी मजकुराची मांडणी: काय आधी, काय नंतर, काय काढून टाकायचं आणि काय राहून गेलं आहे. या पहिल्या टप्प्याला रचना-संपादन म्हणतात.

मागावर काम केलेल्याला हा क्रम सांगावा लागणार नाही. बीमवर, म्हणजे मागाच्या मोठ्या रुळावर, ताण्याचे (उभे) धागे जसे लागले तसंच कापड येणार. ताणा चुकला असेल तर आडव्या धाग्याची कांडी कितीही चांगल्या सुताची भरा, डिझाइन सुधारत नाही. माग थांबवून ताणाच नीट करावा लागतो.

क्रम उलटा केला तर मेहनतही वाया जाते. तासभर बसून घासूनपुसून नीट केलेला परिच्छेद नंतर मुळातच नको होता असं लक्षात येतं. मग तो काढवत नाही, कारण त्यावर कष्ट घेतलेले असतात. पुष्कळ कार्यालयीन कागदांत नको असलेला मजकूर टिकून राहण्याचं हे एक खरं कारण आहे.

एक नोटीस हातात घेऊ

समजा, एका टॉवेल कारखान्यात ही नोटीस लागली आहे (सायझिंग म्हणजे ताण्याच्या धाग्यांना खळ लावून बीम तयार करणारं युनिट):

‘सर्व संबंधितांना सूचित करण्यात येते की, व्यवस्थापनाच्या बैठकीत विस्तृत चर्चेअंती घेण्यात आलेल्या निर्णयास अनुसरून, तसेच सायझिंगकडून होणाऱ्या बीम पुरवठ्याच्या वेळापत्रकात झालेला बदल विचारात घेता, उत्पादन विभागातील पाळ्यांच्या वेळेत फेरबदल करण्याचे योजिले असून त्याची अंमलबजावणी पुढील सोमवारपासून करण्यात येईल. दुसऱ्या पाळीतील कामगारांनी दुपारी ४ ऐवजी ३ वाजता हजर राहणे आवश्यक राहील. सदर वेळेचे पालन न झाल्यास नियमानुसार कार्यवाही करण्यात येईल. ज्यांना अडचण उद्भवत असेल त्यांनी विहित मुदतीत आपले म्हणणे सादर करावे.’

यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही. तरी हा कागद काम करत नाही. पेन खाली ठेवून आधी प्रश्न विचारू. हे कोण वाचणार? तिन्ही पाळ्यांचे कामगार आणि त्यांच्यावर देखरेख करणारे जॉबर. वाचून त्यांनी काय करायचं? ठरलेल्या दिवसापासून नव्या वेळेला यायचं. म्हणजे दिवस आणि वेळ या दोन गोष्टी सर्वांत वर हव्यात. इथे त्या बैठक, चर्चा, निर्णय आणि वेळापत्रक यांच्या मागे उभ्या आहेत.

आता वेळ वर आणायला गेलो की खरी गंमत कळते. दुसरी पाळी ३ ला सुरू होणार. मग पहिली किती वाजता सुटणार? ती आत्ता ४ ला सुटते. तासभर एका मागावर दोन माणसं उभी राहणार का? तिसऱ्या पाळीचं काय? नोटीस गप्प आहे. ‘पुढील सोमवार’ म्हणजे कोणता? कागद शनिवारी लागला तर परवाचा की त्याच्या पुढचा? मुदत ‘विहित’ आहे, पण कोणी, कधी विहित केली? हजर कुठे राहायचं, गेटवर की मागावर?

संपादनातली माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट हीच. मजकूर नीट लावायला घेतला की ठरवायचं राहून गेलेलं काय, ते उघडं पडतं. लांब वाक्य अर्धवट निर्णय झाकतं. छोट्या वाक्यात ते लपत नाही. म्हणून संपादक पहिल्या फेरीत दुरुस्त्या कमी करतो आणि प्रश्न जास्त विचारतो. उत्तरं मिळाल्यावर नोटीस अशी होईल:

‘सोमवार, १९ जानेवारीपासून तिन्ही पाळ्या एक तास लवकर

पहिली पाळी: सकाळी ७ ते दुपारी ३
दुसरी पाळी: दुपारी ३ ते रात्री ११
तिसरी पाळी: रात्री ११ ते सकाळी ७

पाळीच्या वेळेला आपापल्या मागावर हजर राहा. पहिला आठवडा १५ मिनिटांपर्यंत उशीर चालेल. त्यानंतर उशिराचे नेहमीचे नियम लागू होतील.

नवी वेळ जमणार नसेल तर शुक्रवार, १६ जानेवारीला संध्याकाळी ५ पर्यंत टाइम ऑफिसला येऊन सांगा.

वेळ का बदलली: सायझिंगची गाडी आता सकाळी लवकर येते. बीम आल्याबरोबर काम सुरू व्हावं म्हणून हा बदल केला आहे.’

बैठक आणि विस्तृत चर्चा गेली. ती इतिवृत्तात असतेच, गेटवर तिचा उपयोग नाही. कारण राहिलं, पण खाली गेलं. आणि ही नोटीस तेलुगूत सांगायला फार तर मिनिटभर लागेल.

सर्वांत खालची ओळ

क्रम चुकल्याने फार तर थोडा गोंधळ होतो, असं कोणाला वाटेल. जगातलं एक उदाहरण याच्या उलट सांगतं. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया अंतराळयान निघालं. त्यात कल्पना चावला होत्या. उड्डाणानंतर ८२ सेकंदांनी इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला. यान वर फिरत असताना अभियंत्यांनी हा धक्का किती धोक्याचा आहे याचा अभ्यास करून तो नासापुढे मांडला. हाताशी असलेल्या चाचण्या फार लहान तुकड्यांच्या होत्या. प्रत्यक्ष आदळलेल्या तुकड्याचं आकारमान चाचणीतल्या तुकड्याच्या ६४० पट असल्याचा अंदाज होता. सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच होती. पण महत्त्वाच्या स्लाइडवरचा मथळा दिलासा देणारा होता आणि या आकारमानांची तुलना अगदी तळाच्या ओळीत, बारीक अक्षरात, दोन आकडे शेजारी ठेवून केली होती. ‘६४० पट’ हे शब्द तिथे नव्हतेच.

१ फेब्रुवारीला परतताना यान तुटलं आणि सातही अंतराळवीर गेले. चौकशी मंडळाने त्या स्लाइडची अहवालात स्वतंत्र दखल घेतली. एखादा वरिष्ठ अधिकारी ती वाचूनही हा प्रश्न जीवनमरणाचा आहे हे ओळखू शकला नसता, हे समजण्यासारखं आहे, असं मंडळाने नोंदवलं. अपघाताला इतर अनेक कारणं होती आणि एका कागदावर सगळा दोष टाकणं बरोबर नाही. पण धोका दाखवणारी माहिती स्लाइडवर होती. ती चुकीच्या जागी होती.

मराठीत ही काळजी जास्त का घ्यावी लागते

मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि नकार त्याच्याही मागून. ‘पूर्वसूचना न देता सलग तीन दिवसांपेक्षा जास्त काळ गैरहजर राहिलेल्या व नंतर वैद्यकीय प्रमाणपत्र सादर करणाऱ्या कामगारास सदर कालावधीचे वेतन अदा करण्यात येणार’ इथपर्यंत वाचून माणसाला वाटतं, मिळणार. मग येतं ‘नाही’. म्हणून लांब वाक्य मराठी वाचकाला जास्त थकवतं: संपूर्ण ओझं डोक्यावर घेऊन शेवटपर्यंत चालत जावं लागतं. ‘या दिवसांचा पगार मिळणार नाही’ हे आधी लिहून मग कोणते दिवस ते सांगितलं, तर ओझं उतरतं.

दुसरी खोड ‘करण्यात येईल’ची. कोण करणार? रजा ‘मंजूर करण्यात येईल’, पण जॉबर मंजूर करणार की मॅनेजर? कर्ता लिहिला की कामगाराला कोणाकडे जायचं ते कळतं आणि जबाबदारीही कोणावर तरी येते. पुष्कळदा कर्ता गाळला जातो तो याच धास्तीने.

पत्रावर ‘विषय’ लिहायची आपली पद्धत मात्र उत्तम आहे, ती मोडू नये. फक्त त्या ओळीत बातमी असावी. ‘पाळीच्या वेळेबाबत’ लिहून काही कळत नाही. ‘१९ जानेवारीपासून पाळ्या एक तास लवकर’ लिहिलं की पुढचं न वाचताही अर्धं काम झालं. ईमेललाही हेच लागू आहे.

‘साध्या भाषेला वजन नसतं’

हा आक्षेप सगळीकडे ऐकू येतो, विशेषतः जुन्या हेडक्लार्ककडून, आणि तो मनापासून घेतलेला असतो. कागदाचं वजन निर्णयाने येतं, तो घेण्याचा अधिकार असलेल्याच्या सहीने, तारखेने आणि जावक क्रमांकाने येतं. ‘सदर’ काढून ‘हा’ लिहिल्याने आदेश कच्चा होत नाही. अमेरिकेने २०१० मध्ये सरकारी कागद साध्या भाषेत लिहिण्याचा कायदाच केला. २०२३ मध्ये साध्या भाषेचं आंतरराष्ट्रीय आयएसओ मानकही आलं. वाचकाला हवी ती माहिती असावी, ती सापडावी, समजावी आणि वापरता यावी, एवढ्याच चार गोष्टी ते मागतं. आपल्या माहिती अधिकार कायद्यातही, कलम ४ मध्ये, माहिती देताना स्थानिक भाषेचा विचार करावा असं म्हटलं आहे.

एका बाबतीत मात्र हेडक्लार्क बरोबर आहेत. कायद्याने ज्यांचा अर्थ ठरवला आहे ते शब्द बदलायचे नाहीत. नियुक्तीपत्रात ‘उपदान’च्या जागी ‘बक्षिसी’ लिहिलं तर ते सोपं नाही, चुकीचं आहे. तिथे शब्द तसाच ठेवून एकदा समजावायचा: उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी, पात्र कामगाराला नोकरी सोडताना प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या वेतनाच्या हिशोबाने मिळणारी रक्कम. ‘वेतन’ हा शब्दही असाच. नव्या संहितेत त्याची व्याख्या आहे. त्यातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरची रक्कम वेतनात धरली जाते. अशा ठिकाणी मनाने शब्द बदलू नयेत.

‘साहेबांनी लिहिलेलं बदलायचं कसं?’

बदलू नका, विचारा. ‘साहेब, ही भाषा कठीण आहे’ म्हटलं की वाद होतो. ‘साहेब, पहिली पाळी किती वाजता सोडायची? कामगार विचारतील,’ म्हटलं की साहेब स्वतःच कागद परत मागतात. प्रश्न कामाचा असेल तर कोणाचा अपमान होत नाही. ज्येष्ठांच्या मजकुरावर लाल पेन चालवण्यापेक्षा समासात पेन्सिलीने तीन प्रश्न लिहिणं हे जास्त उपयोगी संपादन आहे.

‘आधी कारण सांगायला नको का?’

ओव्हरटाइम बंद होणार आहे, कोणाची बदली होणार आहे, अशा वेळी थेट निर्णयाने सुरुवात करणं कठोर वाटतं. ही भावना योग्य आहे. तरीही मी निर्णय पहिल्या वाक्यात आणि कारण लगेच दुसऱ्या वाक्यात ठेवेन. कारणांचा लांब घाट चढवला की वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. वाईट बातमी येते आहे हे त्याला कळलेलं असतं, फक्त कोणती ते कळत नाही. पण अशी बातमी भिंतीवर लावण्याआधी समोर बसवून सांगावी. कागद त्यानंतरचा.

‘एआयला सांगितलं की झालं!’

वाक्य लहान करणं, शुद्धलेखन तपासणं, तेलुगू किंवा कन्नडमधला कच्चा मसुदा काढणं, यात या साधनांची मदत होते. पण पहिली पाळी किती वाजता सुटणार हे त्यांना माहीत नसतं. वरची मूळ नोटीस दिली तर ते सफाईदार मजकूर देतील. त्यात ती उणीव तशीच राहील किंवा वाईट म्हणजे अंदाजाने भरली जाईल, आणि सफाईमुळे ती कोणाच्या लक्षात येणार नाही. म्हणून आधी प्रश्न, मग उत्तरं, मग हवं तर यंत्र. अनुवाद त्या भाषेत वाचणाऱ्या माणसाने पाहिल्याशिवाय भिंतीवर लावू नये. आणि कामगारांचे आधार क्रमांक, पगार, आजारपणाचे तपशील या साधनांत चिकटवू नयेत.

क्रम म्हणजे कामाचा क्रम

नोटीस चुकली तर पाळी चुकते. डाइंगमधल्या कृतीचा कागद चुकला तर माणूस भाजतो. रंगाईत हायड्रो, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइटची पावडर, वापरतात. हायड्रोच्या डब्यात थोडा ओलावा गेला तरी तो तापून पेट घेऊ शकतो आणि त्यातून घातक वायू निघतो. कृतीत ‘डब्यातून हायड्रो काढा’ हे चौथं वाक्य असेल आणि ‘हात व माप कोरडं असावं, झाकण लगेच लावावं’ ही सूचना पानाच्या शेवटी ‘टीप’ म्हणून असेल, तर ती वाचेपर्यंत ओला हात डब्यात गेलेला असतो. इशारा कृतीच्या आधी आणि तिला चिकटून हवा. एका ओळीत एकच कृती हवी. माणूस जिथे उभा राहून ते काम करतो तिथेच, म्हणजे डब्याच्या वर, तो कागद हवा.

जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासयादी केली तेव्हा हेच तत्त्व वापरलं. भूल देण्याआधी, कापण्याआधी आणि रुग्ण बाहेर नेण्याआधी, अशा तीन थांब्यांवर ती विभागली. यातलं बहुतेक सगळं डॉक्टरांना माहीत होतं. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत तिचा वापर करून पाहिला आणि २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले: मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं होतं.

एक गोष्ट, एकच जागा

एकेक कागद नीट झाला तरी कागदांचा ढीग नीट झालेला नसतो. रजेचा नियम नियुक्तीपत्रात एक, दोन वर्षांपूर्वीच्या नोटिशीत दुसरा आणि व्हॉट्सअॅपवर मॅनेजरने टाकलेला तिसरा, असं असेल तर कामगार आपल्या सोयीचा उचलणार आणि मालक आपल्या. भांडण तिथून सुरू होतं. नियम एकाच ठिकाणी पूर्ण लिहावा आणि बाकी सगळीकडे फक्त ‘रजेचे नियम टाइम ऑफिसच्या फाइलमध्ये आहेत’ एवढंच म्हणावं. बदल झाला की एकाच जागी बदलायचा. संगणकावरच्या फाइलच्या नावात तारीख असावी. ‘फायनल’ आणि ‘फायनल नवीन’ यांतली खरी कोणती हे महिन्याभराने कोणीच सांगू शकत नाही.

नवा मजकूर लावण्याआधी तो एका माणसाला द्या, ज्याने तो लिहिलेला नाही आणि ज्याला तो पाळायचा आहे. ‘कळलं का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘आता सोमवारी काय करायचं, ते मला सांगा,’ असं म्हणा. तो जिथे अडखळेल ते वाक्य दुरुस्त करा. नियुक्तीपत्रावर सही घेण्यापूर्वीही हेच करता येतं: पगार किती, कोणत्या तारखेला, कामाचे तास किती आणि अडचण आली तर कोणाकडे जायचं, ही चार उत्तरं पत्र हातात असताना कामगाराला पहिल्या पानावर बोट ठेवून दाखवता आली पाहिजेत. आली नाहीत तर पत्र परत टायपिंगला पाठवा, आणि नवी नोटीस लावताना जुनी फळ्यावरून काढून तारखेसह फाइलला लावा.